एचएमटी जनता: फक्त वेळ सांगणारं घड्याळ

किती वाजले हे पाहायला फोन उचलतो आणि वेळ सोडून बाकी सगळं पाहतो, हे आता घरोघरचं झालं आहे. लॉक स्क्रीनवर वेळेच्या खालीच तीन निरोप थांबलेले असतात. त्यातला एक उघडला की दहा मिनिटं गेली, आणि फोन खिशात टाकल्यावर लक्षात येतं की वाजले किती ते पाहायचं राहूनच गेलं. फोन कमी करायचा निश्चय बहुतेकांचा इथेच सुटतो. ॲप काढून टाकता येतं, सूचना बंद करता येतात, पण दिवसभरात वेळ तर पाहावीच लागते. तेवढं एक काम फोनकडून काढून घ्यायचं असेल, तर त्यासाठी आम्हाला सर्वांत चांगली वाटणारी वस्तू म्हणजे एचएमटीचं ‘जनता’ हे चावीचं मनगटी घड्याळ. त्याचे गुण आहेत, दोषही आहेत, आणि बडोद्याच्या हवेत ते वापरताना काही पथ्यं पाळावी लागतात.

एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, ही सरकारी कंपनी. तिने 1961 साली बंगळुरात, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली. पहिली घड्याळं पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. ‘जनता’ हे त्यांचं सर्वांत साधं आणि घराघरात पोचलेलं मॉडेल. 17 ज्युवेलचं, म्हणजे चाकांच्या दांड्या झिजू नयेत म्हणून 17 कृत्रिम खडे बसवलेलं मशीन, तीन काटे, तारीख नाही, वार नाही. आकार सुमारे 35 मिमी, पट्टा 18 मिमीचा. आजच्या बशीएवढ्या घड्याळांपुढे लहान दिसतं, पण शर्टाच्या बाहीखाली बरोबर बसतं आणि बायकांच्या मनगटावरही चांगलं दिसतं. अनेक तबकड्यांवर ‘जनता’ हे नाव देवनागरीत छापलेलं असतं. 2016 साली सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यामुळे बाजारात मिळणारं घड्याळ बहुधा दुरुस्त करून विकलेलं असतं किंवा जुन्या साठ्यातलं असतं. तिसरा मार्ग म्हणजे आपल्याच घरातल्या कपाटातलं. त्याबद्दल शेवटी.

आधी अचूकतेचं बोलू, कारण नवा माणूस पहिल्या आठवड्यात तिथेच नाराज होतो. या मशीनचं बॅलन्स चक्र, म्हणजे झोके घेत वेळ मोजणारं चाक, तासाला 18,000 वेळा हलतं, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. बॅटरीच्या घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. दोघांची तुलना करू नये. चांगली सर्व्हिसिंग झालेलं जनता दिवसाला वीस-तीस सेकंद पुढेमागे झालं तर ते ठीक चाललं आहे असं समजावं. दिवसाचे 86,400 सेकंद असतात, त्यात वीस सेकंदांची चूक म्हणजे 4,320 सेकंदांत एक सेकंद. आठवड्याला दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो, तो रविवारी जुळवून घ्यायचा. अहमदाबादची गाडी पकडायला स्टेशनवर जाणारा माणूस सेकंदांवर अवलंबून नसतो. दिवसाला दोन-तीन मिनिटं पुढे जात असेल, तर मात्र काहीतरी बिघडलं आहे.

आता चावी. या घड्याळाचं खरं मोल चावी देण्यात आहे.

रोज एकाच वेळी चावी द्यायची. सकाळची वेळ उत्तम, आणि फोनला हात लावायच्या आधी. घड्याळ मनगटावरून काढून हातात घ्यायचं. मनगटावर असतानाच चावी दिली तर बोटाचा दाब तिरका पडतो आणि चावीची दांडी हळूहळू वाकते किंवा सैल होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात चावी धरून पुढे फिरवायची, सोडायची, पुन्हा फिरवायची. मागे फिरली तरी काही बिघडत नाही, आतली खिट्टी ते झेलते आणि ‘कर्र’ असा आवाज येतो. साधारण पंचवीस-तीस फेर होतात. सुरुवातीला चावी मऊ लागते, शेवटच्या चार-पाच फेरांत घट्ट होत जाते आणि मग एका जागी ठाम थांबते. तिथे थांबायचं. आणखी अर्धा फेर म्हणून जोर लावायचा नाही. ‘जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं’ असं सर्रास ऐकू येतं, पण बहुतेक वेळा आतलं तेल सुकलेलं असतं आणि पूर्ण ताणलेल्या कमानीचा, म्हणजे चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा, जोरही चाकांना पुरत नाही. घड्याळ ‘चावीने’ बंद पडलं म्हणजे सर्व्हिसिंगची वेळ झाली.

पूर्ण चावीवर ते साधारण दीड दिवस चालतं. मग चोवीस तासांनीच चावी का द्यायची? कमान पूर्ण ताणलेली असते तेव्हा बॅलन्सचा झोका मोठा असतो आणि घड्याळ एकसारखं चालतं. ताण उतरत गेला की झोका लहान होतो आणि वेळ बिघडायला लागते. रोज ठरलेल्या वेळी चावी दिली की कमानीचा पहिला, जोरदार भागच वापरला जातो. कधी आज सकाळी तर कधी उद्या रात्री अशी चावी दिली तर तेच घड्याळ कधी पुढे, कधी मागे जातं, आणि दोष मशीनला दिला जातो. म्हणजे हा नियमितपणा केवळ आपल्या मनाच्या शिस्तीसाठी नाही, मशीनलाही तो हवा असतो. सजगपणाचे बरेचसे उपाय आठवड्याभरात गळून पडतात, कारण ते न केल्याने लगेच काही अडत नाही. इथे अडतं. चावी राहिली तर त्याच रात्री काटे थांबलेले दिसतात.

चावी देऊन झाली की घड्याळ कानाशी धरायचं. पहिल्यांदा नुसती किरकिर ऐकू येते. दोन-तीन श्वास थांबलं की ती सुटी होते आणि ठोके वेगळे कळायला लागतात. दहा श्वास होईतो ऐकायचं. निरोगी घड्याळाचा आवाज भरीव आणि समान अंतराचा असतो. तो लंगडत असेल, म्हणजे एक ठोका जवळ आणि पुढचा लांब असा येत असेल, तर बॅलन्सची जुळणी बिघडली आहे. धातूवर धातू घासल्यासारखा, टणक आवाज आला तर बहुधा बालकमान, म्हणजे बॅलन्सला झोका देणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, कुठेतरी टेकते आहे. आवाज क्षीण झाला असेल तर तेल. महिनाभर रोज ऐकलं की कानाला हे फरक कळतात. नुसतं ‘शांत बसा’ म्हटल्यावर ज्यांचं मन पळतं, त्यांच्यासाठी हे ऐकणं जास्त सोपं जातं, कारण कानाला काम असतं.

पण नुसतं घड्याळ घेऊन भागत नाही. फोनवर वेळ दिसत राहिली तर हात तिकडेच जाणार. लॉक स्क्रीनवरच्या सूचना बंद कराव्यात. पडदा बंद असतानाही वेळ दाखवत राहण्याची सोय असेल तर तीही बंद करावी, आणि होम स्क्रीनवरचं मोठं घड्याळ काढून टाकावं. कॅलेंडरची आठवण आणि फोनची रिंग एवढेच आवाज ठेवावेत. सकाळच्या गजरासाठी वेगळं टाइमपीस लागेलच. ते न घेता जनता घेणारे लोक आठ दिवसांत फोनकडे परततात, कारण गजर बंद करायला फोन हातात आला की दिवस तिथूनच सुरू होतो. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा. स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत भिंतीवर एकेक घड्याळ असावं. आपल्या गुजरातेतल्या मोरबीत बनणारी साधी बॅटरीची घड्याळं त्याला पुरतात. झोप हलकी असेल तर टिकटिक न करणारा, सलग फिरणारा सेकंदकाटा मागून घ्यावा.

पैसे देताना फोन काढावाच लागतो, आणि बडोद्यात आता शेव-उसळीच्या गाडीपासून खंडेराव मार्केटातल्या भाजीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड आहे. इथे एकच सवय लावायची: पैसे गेल्याचा आवाज आला की पडदा बंद, फोन खिशात, वेळ हवी असेल तर मनगटावर. रिक्षा आणि चहापुरते सुटे पैसे जवळ ठेवले तर दिवसातून पाच-सहा वेळा फोन काढणं वाचतं. सेकंदकाटाही कामाला लावता येतो. चहा किती मिनिटं उकळला, शेवटच्या शिट्टीनंतर गॅस किती वेळ मंद ठेवला, हे मनगटावर पाहता येतं. टायमर लावायला फोन उघडला की पीठ लावलेल्या हातानेही निरोप वाचले जातात.

रात्रीची एक अडचण खरी आहे. बऱ्याच जनतांचे काटे अंधारात चमकत नाहीत. मध्यरात्री जाग आली की वेळ दिसत नाही आणि फोन शोधला जातो. चमकणाऱ्या काट्यांचं टाइमपीस उशाशी असलं की हा प्रश्न उरत नाही. आमचं मत असं, की रात्री वेळ न पाहिलेलीच बरी. किती झोप उरली याचा हिशेब सुरू झाला की आहे ती झोपही जाते.

बडोद्याची हवा या घड्याळाला सोसत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. जनता पाण्याचं घड्याळ नाही. हात धुताना उडालेले थेंब चालतात, पण पावसात स्कूटरवर मनगट उघडं ठेवून जाणं चालत नाही. पावसाळ्यात दमट हवा चावीच्या भोवतीच्या फटीतून आत शिरते. मग एसीच्या खोलीत गेलं की काच थंड होते आणि आतून धुकं धरते. धुकं दिसलं तर घड्याळ त्याच दिवशी कारागिराकडे न्यावं. उन्हात किंवा तांदळाच्या डब्यात ठेवून धुकं जातं, पण पाणी जात नाही. ते पोलादी भागांवर बसतं आणि चावीच्या दांडीपासून गंज सुरू होतो. जून ते सप्टेंबर बाहेर जाताना घड्याळ छोट्या झिपच्या पिशवीत, खिशात ठेवणं उत्तम. उन्हाळ्यात घामाचा प्रश्न असतो. चामड्याचा पट्टा दोन महिन्यांत वास मारायला लागतो, म्हणून नायलॉनचा पट्टा घ्यावा आणि आठवड्याला साबणाने धुवावा. घड्याळाच्या केसची, म्हणजे धातूच्या कवचाची, मागची बाजू रोज रात्री कोरड्या कापडाने पुसावी, नाहीतर मुलामा दिलेल्या केसवर खड्डे पडतात.

नवरात्रात गरब्याला हे घड्याळ हातात नको. घाम, टाळ्या आणि दांडिया तिन्ही त्याच्या विरुद्ध आहेत. तबकडीवर ‘पॅरा शॉक’ लिहिलेलं असतं, म्हणजे बॅलन्सच्या दांडीला धक्का झेलणारी स्प्रिंग आहे. फरशीवर एकदा पडलं तर ती वाचवते, पण रात्रभर बसणाऱ्या टाळ्यांसाठी ती नाही. दांडीची टोकं केसाइतकी बारीक असतात. ती वाकली की घड्याळ तबकडी वर असताना चालतं आणि उभं धरलं की थांबतं. जुनं घड्याळ घेताना हीच खूण तपासायची.

सर्वांत फसवा शत्रू म्हणजे लोहचुंबक. फोनच्या कव्हरमधला चुंबक, लॅपटॉपचे स्पीकर, पर्सची खटकी, स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी. चुंबकत्व लागलं की बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागतं. परीक्षा सोपी आहे. साधं होकायंत्र टेबलावर ठेवून घड्याळ त्याच्याजवळ हळूहळू फिरवायचं. सुई बॅलन्सच्या चालीबरोबर थरथरली किंवा जोरात वळली तर चुंबकत्व आहे. कारागीर ते यंत्रावर मिनिटभरात उतरवतो, मशीन उघडावं लागत नाही. रात्री घड्याळ फोनच्या शेजारी ठेवू नये, हे यामुळेही.

विकत घेताना सावध राहावं. ऑनलाइन दिसणारी चकचकीत, रंगीबेरंगी जनता बऱ्याचदा वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून, तबकडी नव्याने रंगवून बनवलेली असतात. भिंगातून अक्षरं पाहावीत. मूळ छपाईच्या कडा धारदार असतात, नव्या रंगाच्या पसरलेल्या. ‘जनता’मधल्या काना-वेलांट्या जाड-बारीक झाल्या असतील, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नसतील, तर तबकडी मूळची नाही. गडद गुलाबी, जांभळे असे भडक रंग टाळावेत. मागचं झाकण उघडून मशीन दाखवायला सांगावं. पितळी भाग स्वच्छ, स्क्रूंच्या खाचा न कुरतडलेल्या, कुठेही तांबूस गंज नाही, असं असावं. मग चावी पूर्ण द्यायला लावून घड्याळ पाच स्थितींत दोन-दोन मिनिटं धरायचं: तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी खाली, चावी डावीकडे. कुठेही आवाज मंदावता किंवा थांबता कामा नये. चावी बाहेर ओढून काटे फिरवताना ते एकमेकांना घासत नाहीत ना, बाराला दोन्ही नीट एकावर एक येतात ना, हेही पाहावं. तबकडी पुन्हा रंगवलेली असली तरी घड्याळ वापरता येतं. मात्र किंमत मूळ तबकडीची मागितली तर घेऊ नये. काच ॲक्रिलिकची असते, त्यामुळे ओरखड्यांची चिंता नको. थोडी टूथपेस्ट कापडावर घेऊन पाच मिनिटं गोल घासली की वरवरचे ओरखडे जातात, फक्त पेस्ट कडेच्या फटीत जाऊ देऊ नये.

चार-पाच वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंग करावी: मशीन पूर्ण उघडणं, प्रत्येक भाग धुणं, ठरलेल्या जागीच थेंबभर तेल, मग जुळणी. ‘दहा मिनिटांत तेल घालून देतो’ असं कुणी म्हटलं तर घड्याळ परत मागावं. जुन्या चिकट तेलावर नवं तेल पडलं की महिनाभर छान चालतं आणि मग तेच मिश्रण धूळ धरून दांड्या झिजवतं. रावपुरा आणि मांडवीकडच्या जुन्या बाजारात चावीच्या घड्याळाचं काम जाणणारे हात अजून आहेत. कामावर बसलेला माणूस डोळ्याला भिंग लावून स्वतः मशीन उघडतो की घड्याळ दुसरीकडे पाठवतो, हे विचारावं, आणि बदललेले भाग परत मागावेत. काम झाल्यावर तीन-चार दिवस रोज एकाच वेळी फरक लिहून ठेवावा आणि तो कागद दाखवावा. ‘पुढे जातंय’ यापेक्षा ‘रोज चाळीस सेकंद पुढे’ हे कळलं तर कारागिराला वेळ नीट लावता येते. किरकोळ फरक घरीही सावरता येतो. बरीच घड्याळं आडवी ठेवली की थोडी पुढे आणि उभी ठेवली की थोडी मागे जातात. आपलं घड्याळ दिवसभरात पुढे जात असेल तर रात्री ते पट्ट्यावर उभं ठेवून पाहावं. प्रत्येक मशीनचा स्वभाव वेगळा असतो, तेव्हा आठवडाभर पाहूनच ठरवावं.

दुसरे पर्यायही आहेत. फोन न पाहणं एवढाच हेतू असेल, तर बॅटरीचं साधं घड्याळ स्वस्त, अचूक आणि कमी कटकटीचं आहे. डॉक्टर, नर्स, रेल्वेत काम करणारे, ज्यांना नेमका मिनिट लागतो, त्यांनी तेच घ्यावं. रोज ओल्यात हात असणाऱ्यांनीही. एचएमटीचं ‘कांचन’ हे ऑटोमॅटिक, हाताच्या हालचालीने चावी भरणारं. मशीन चांगलं, पण सकाळची चावी गेली की आमच्या लेखी अर्धा फायदा गेला. स्मार्टवॉच या कामासाठी घेऊच नये. खिशातला निरोप त्यामुळे मनगटावर येतो आणि थरथरून सांगतो. दहावी-बारावीच्या मुलांना जनता आवडतं, वर्गात आणि अभ्यासाच्या टेबलावर ते चांगलं काम करतं. परीक्षेला नेण्याआधी मात्र त्या परीक्षेच्या सूचना वाचाव्यात, काही ठिकाणी कुठलंच घड्याळ आत नेऊ देत नाहीत.

ज्यांच्या घरी आजोबांचं किंवा वडिलांचं जनता आहे, त्यांनी बाहेर शोधू नये. पण ते कपाटातून काढल्यावर उत्साहाने लगेच चावी देऊ नये. वीस वर्षं पडलेल्या घड्याळातलं तेल सुकून राळेसारखं झालेलं असतं. अशा अवस्थेत ते चालवलं तर दांड्यांची टोकं कोरडी घासतात आणि आतापर्यंत शाबूत असलेलं मशीन महिनाभरात झिजतं. एक-दोन फेर देऊन ठोका पडतो का एवढंच पाहावं आणि तसंच सर्व्हिसिंगला न्यावं. तबकडी पिवळी पडली असेल, त्यावर डाग असतील, तर ती ‘नवी करून देऊ का’ या प्रश्नाला नको म्हणावं. काच बदलावी, पट्टा बदलावा, मशीन स्वच्छ करावं. तबकडी आणि काटे आहेत तसेच ठेवावेत आणि काम देतानाच चिठ्ठीवर तसं लिहून घ्यावं.